न निघालेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत

वरातीच्या डीजेसाठी लॅपटॉपवर, क्वचित नुसत्या मोबाइलवर रिमिक्स करणारी पोरं विदर्भात आता गावोगावी दिसतात. त्यांतल्या कुणी उद्या सांगितलं, की मी एका सिनेमाचं पार्श्वसंगीत करतोय, पण तो सिनेमा कुणी काढलेला नाही आणि काढणारही नाही, तर पारावरचे लोक त्याला येड्यात काढतील. या येडेपणाला मात्र जवळपास ५० वर्षांची परंपरा आहे.

इलेक्ट्रॉनिक आवाज आणि सिनेमा यांची सोयरीक त्याहून जुनी. १९५६ सालच्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या हॉलिवूडपटाचं सगळं संगीत लुई आणि बेबी बॅरन या जोडप्याने स्वतः जोडलेल्या सर्किटांतून काढलं. सर्किटवर ताण वाढवत न्यायचा. ते गुरगुरायचं, किंचाळायचं, कधी जळूनही जायचं. तोवर टेपवर जे उतरेल ते आपलं. वादकांच्या संघटनेशी वाद नको म्हणून श्रेयनामावलीत ‘संगीत’ म्हणणंही टाळलं गेलं; तिथे ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असं छापलं.

सिनेमा वजा करून नुसतं संगीत ठेवण्याची खरी सुरुवात इंग्रज संगीतकार ब्रायन ईनोची. १९७६ मध्ये त्याने छोट्या छोट्या तुकड्यांची एक रेकॉर्ड काढली, पण दुकानांत ठेवली नाही. ५०० प्रती सिनेमावाल्यांसाठी काढल्या: लागेल ते उचला. १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ बाजारात आली. काही तुकडे खरोखर सिनेमांत वाजले होते, बरेच नव्हते. ऐकणाऱ्याला फरक कळत नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं.

पुढे मँचेस्टरचा संगीतकार बॅरी अ‍ॅडमसन याने १९८९ मध्ये आपण जिथे वाढलो त्या मॉस साइड वस्तीवर एक गुन्हेपट कल्पिला आणि त्याचं फक्त संगीत केलं: ‘मॉस साइड स्टोरी’. वस्ती खरी, खून खोटा. हा माणूस पुढे खऱ्या सिनेमांकडेही पोचला. डेव्हिड लिंचच्या १९९७ च्या ‘लॉस्ट हायवे’त त्याचं संगीत आहे. १९९५ मध्ये यू-टू हा आयरिश रॉक बँड आणि ईनो यांनी ‘पॅसेंजर्स’ नावाने केलेल्या अल्बमसोबत तर सिनेमांची रीतसर माहिती देणारी पुस्तिकाच होती. त्यातले बहुतेक सिनेमे अस्तित्वातच नव्हते. मला त्यातली थट्टा आवडते, अल्बम तितकासा नाही.

आपल्याकडे? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने स्टुडिओ मांडून दिला, तिथल्या लोकांनी काही वर्षं त्यावर काम केलं आणि टेपा कपाटात पडून राहिल्या. मुंबईत सिनेमासंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर आणि ड्रम मशीनवर वाजवले. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. जगाने कान टवकारले ते २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर.

या प्रकारात इलेक्ट्रॉनिक संगीतच का जास्त, याचं कारण मला साधं वाटतं. तबला ऐकला की बोटं दिसतात, बासरी ऐकली की ओठ. सिंथचा लांबलचक स्वर ऐकला तर वाजवणारा कुणी दिसत नाही. ती रिकामी जागा मन चित्राने भरतं.

आणि न पाहता सिनेमा ऐकणं वऱ्हाडात काय किंवा झाडीपट्टीत काय, नवं थोडंच आहे! १९७५ च्या ‘शोले’च्या संवादांचीच वेगळी रेकॉर्ड निघाली आणि लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यांवरून ती पाठ झाली. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर, तिकिटाचे पैसे नसलेल्यांनी अख्खे सिनेमे कानांनीच पाहिले. पूर्व विदर्भात तर झाडीपट्टी रंगभूमी आहे. धान निघालं, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरल्या, की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत निघतात आणि मंचापुढे बसलेले वादक पहाटेपर्यंत प्रसंगांना साथ करतात. खलनायक आला की काय वाजवायचं, आई रडली की काय, हे त्यांच्या हातांत बसलेलं असतं. दूरच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाला शब्द कळत नाहीत, पण नाटक कुठवर आलं ते त्या वाजण्यावरून कळतं.

म्हणून इथल्या पोराला ईनोची नक्कल करायची गरज नाही. त्याने आधी प्रसंग लिहावेत, सूर नंतर शोधावेत, आणि मध्यंतर ठेवावं. इंग्रजी अल्बमांत ते नसतं, आपल्या सिनेमात असतं. विषयही तयार आहे. शेतीपंपाची थ्री-फेज लाइन पाळीने रात्रीची येते, तेव्हा ओलितासाठी माणूस बॅटरी घेऊन एकटा निघतो. साप, रानडुक्कर, चंद्रपूरकडे वाघ. या सिनेमाचा आवाज धुऱ्यावरच्या डीपीतच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुपटीने, १०० वर. पेटीच्या भाषेत हा खर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर पडतो. सगळे सिंथ त्याच पट्टीला लावून घेतले तर डीपीच तंबोरा होतो. मोबाइलचा माइक इतका खालचा आवाज बरेचदा नीट पकडत नाही. २००, ३०० हर्ट्झचे वरचे स्वर मात्र पकडतो, आणि खालचा खर्ज मग सिंथने भरता येतो.