येवा, विसर्ग आणि पातळी

खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी खात उभं राहिलं की शेजारचा माणूस हटकून धरणाचा आकडा विचारतो. नाहीतर स्वतःच सांगतो. जुलैत पुणेकराला टीएमसी आणि क्युसेक ही पाण्याची मापं तोंडपाठ असतात. गेल्या पावसाळ्यात भाची सोबत होती. पाऊस सकाळीच ओसरला होता, तरी मोबाइलवर पानशेतची पातळी चढतच होती.

"मामा, पाऊस कमी झाला ना? मग धरण भरतंय कसं?"

"येवा कमी झालाय गं, पण विसर्गापेक्षा अजून जास्तच आहे."

येवा म्हणजे धरणात येणारं पाणी, विसर्ग म्हणजे बाहेर सोडलेलं. बोलून गेलो आणि वाटलं, हवामानबदलावरचे निम्मे वाद एवढ्यावर मिटावेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड हे असंच एक धरण. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आपण सोडतो तो येवा. समुद्र आणि झाडं-माती जे शोषून घेतात तो विसर्ग. आपण सोडतो त्याच्या साधारण निम्मा. उरलेला साठत जातो. हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून ही पातळी मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होती, २०२४ मध्ये सरासरी ४२४ च्या पुढे गेली.

आता येव्याचं बघा. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत तो दरवर्षी सरासरी तीन टक्क्यांनी वाढत होता. गेल्या दहा वर्षांत ही वाढ एक टक्क्याच्या आत आली आहे. घट नव्हे, मंदावलेली वाढ! पानशेतवर निदान पाऊस ओसरला होता. इथे तो अजून वाढतोच आहे, फक्त पूर्वीच्या जोराने नाही. खनिज इंधनांतून वर्षाला ३७ अब्ज टनांहून जास्त वायू हवेत जातो.

मग यात आशा कसली? माझ्या मते आहे, पण ती पातळीत शोधू नये. पातळी सगळ्यात शेवटी बोलते. "एवढी सोलर पॅनेल लावली, काय फरक पडला?" असं मौना लोआचा आलेख दाखवून विचारणारा माणूस चुकीच्या खांबावरचा आकडा वाचत असतो. फरक दिसतो तो पुढच्या अंदाजात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी शतकअखेरची तापमानवाढ चार अंशांच्या जवळ जाईल असं दिसत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालात, सध्याचीच धोरणं चालू राहिली तर, तो आकडा २.८ आहे. २.८ अंश हेही भयंकरच. पण चार आणि २.८ यांच्यामध्ये किती पिकं, किती किनारे आणि उन्हाळ्यातले किती मृत्यू येतात!

धरणाची उपमा एका जागी तुटते. खडकवासल्याचे दरवाजे उचलता येतात, समुद्राचे नाही. उलट पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतो, म्हणजे उशीर जितका जास्त तितका विसर्गही दुबळा होत जाणार. दिलासा दुसरीकडे आहे. येवा निव्वळ शून्यावर आला तर तापमानाची वाढ जवळपास थांबते. समुद्र वायू शोषत राहतो, पातळी हळूहळू उतरते, आणि समुद्रात मुरलेल्या उष्णतेचा उशिरा येणारा परिणाम त्यामुळे बराचसा भरून निघतो. "आता काही उपयोग नाही, पुढची तापमानवाढ ठरलेलीच आहे" हे म्हणूनच बरोबर नाही. झालेली वाढ मात्र परत जात नाही.

घरचा हिशोबही असाच अर्धामुर्धा. २०२५ मध्ये भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-खनिज स्रोतांचा झाला, २०३० च्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. पण क्षमता वेगळी आणि तयार झालेली वीज वेगळी. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच. पीएमपीच्या ई-बसमध्ये बसलो की मला बरं वाटतं, आणि तिला रात्री डेपोत चार्जिंगला लावतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो हेही आठवतं.

यावरचा एक उपाय पुन्हा धरणाचाच आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज शिल्लक असेल तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडून द्यायचं. अशा प्रकल्पांचा मूळ हिशोब रात्रीच्या शिलकी विजेवर बेतलेला होता. आता सौर विजेमुळे शिल्लक दुपारी पडायला लागली आहे.