पिवळी कोरांटी : लावणी आणि निगा

आमच्या रोपवाटिकेतून पिवळ्या कोरांटीचं रोप नेल्याबद्दल आभार. हे झाड आपल्याच मातीतलं. वईच्या (काटक्या-झुडपांच्या कुंपणाच्या) कडेला, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) भेगेत, देवळामागच्या पडीक जागेत ते कोणी न लावता वाढत आलं आहे. आता वई मोडून चिऱ्याचं नाहीतर जाळीचं कंपाउंड घालतात, जागा साफ करायला जेसीबी येतो, आणि त्यात कोरांटी सगळ्यात आधी जाते. म्हणून आम्ही ती मुद्दाम वाढवतो. आमची रोपं जुन्या झाडांच्या छाट कलमांपासून केलेली आहेत, रानातून उपटून आणलेली नाहीत. तुम्हीही तसं कृपया करू नका.

नर्सरीत बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, म्हणून ओळख सांगतो. पानाच्या बगलेत टोकदार काट्यांचा झुबका असतो. पाकळ्या पाच, त्यातल्या चार वरच्या बाजूला आणि एक वेगळी खाली, आणि मधून दोन पुंकेसर बाहेर डोकावतात. रंग हळदीसारखा, कधी केशरीकडे झुकणारा. वास नाही. बिनकाट्याची, पांढरी किंवा जांभळी फुलं येणारी कोरांटी ही याच कुळातली, पण जात वेगळी. आपल्या झाडाचं शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथात ते नोंदलेलं आहे.

कोकणात कोरांटी मरते ती पाण्याअभावी क्वचितच, साचलेल्या पाण्यानेच जास्त. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. पागोळ्यांखाली किंवा सखल जागी लावलेलं रोप श्रावणापर्यंत बुंध्याशी काळं पडतं. तेव्हा जागा उंचवट्याची घ्या. उताराची बाजू किंवा गडग्याचं बूड उत्तम. जांभ्याची मुरमाड जमीन तिला चालते, मुद्दाम काळी माती आणून घालू नका. खड्डा हात-दीड हात, तळाशी चिऱ्याचे तुकडे, वर निघालेलीच माती आणि दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. पावसाळ्यात आळं करायचं नाही, उलट बुंध्याशी मातीची भर द्यायची. कुंडीत लावणार असाल तर भोकं मोकळी आहेत ना ते दर पंधरवड्याला बघा. माती हलकी करायला नदीची वाळू वापरा, किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असतं.

ऊन निदान अर्धा दिवस हवं. सावलीत झाड जगतं, पण नुसतं पानाला लागतं. घर अगदी समुद्रासमोर असेल तर गडग्याच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे खारा वारा थेट लागणार नाही.

पाऊस गेला की फुलं सुरू होतात आणि थंडीभर येत राहतात. या दिवसांत मधमाश्या, फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी झाडावर सतत असतात. पूजेसाठी फुलं जरूर काढा, पण थोडी झाडावर ठेवा. पाणी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, एप्रिल-मेमध्ये दोनदा पुरे. बुंध्याभोवती पातेरा (वाळकी पानं) पसरलात तर ओल टिकते.

छाटणीला मात्र आळस नको. न छाटलेली कोरांटी कमरेच्या वर जाते, खालून उघडी पडते आणि फुलं फक्त शेंड्याला येतात. बहर संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये एक तृतीयांश उंची कमी करा. जाड हातमोजे घाला, काटा बोटात मोडला तर ठणकतो. कुंपणासाठी लावणार असाल तर दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून थोडं लांब लावा.

नवीन रोपं करायची तर पावसाळ्याच्या तोंडाला, ना कोवळी ना जून अशी वीतभर काडी घ्या. खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. महिनाभरात मुळं धरते. बी हवं असेल तर तपकिरी होऊ लागलेल्या बोंडावर पातळ फडकं बांधा. तयार बोंड तडकून फुटतं आणि आतल्या दोन बिया लांब उडतात. बी ओलं केलं की त्यावरची लव फुगून चिकट होते. ती धुऊन काढू नका, तसंच पेरा.

शेंड्यावर पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. थर फारच असेल तर ती फांदी कापून जाळा.

कोरांटीला वज्रदंती असंही म्हणतात आणि दातांसाठी तिचा पाला वापरण्याची जुनी रीत आहे. आम्ही रोप विकतो ते बागेसाठी. औषध म्हणून घ्यायचं असेल तर आधी वैद्यांना विचारा.

पहिल्या पावसाळ्यात रोप मान टाकू लागलं तर खत घालू नका. बुंध्याजवळची मूठभर माती आणि एखादी फांदी पिशवीत घालून आमच्याकडे आणा. मुळं कुजताहेत की किडीचा त्रास आहे ते बघून पुढे काय करायचं ते सांगू. त्याचे पैसे घेत नाही.