स्टिरिओत आधी काय बदलायचे?

'आवाजात मजा येत नाही, काय बदलू?' असे विचारल्यावर आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो : नेमके खटकते काय? बास (खालचा, खर्जाचा आवाज) घुमतो, गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत, की आवाज वाढवला की फाटतो? या तीन तक्रारींची औषधे तीन आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या दोन्हींसाठी बऱ्याचदा काही विकत घ्यावे लागत नाही.

दोष एकाच बाजूला असेल तर ॲम्प्लिफायर (प्लेअरचा सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणारे यंत्र) बंद करा आणि त्याच्या मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल करून लावा. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला, तर स्पीकर आणि वायर निर्दोष. मग त्या वायरी परत जागेवर लावून प्लेअरकडून येणाऱ्या दोन वायरी तशाच बदला. आता दोष बाजू बदलत असेल तर गडबड प्लेअरमध्ये किंवा त्याच्या वायरीत, नाहीतर ॲम्प्लिफायरमध्ये. फक्त व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ किंवा काजळी साचली आहे. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने (आत फवारायच्या सफाईच्या द्रवाने) जाते. एवढ्यासाठी ॲम्प्लिफायर बदलू नका.

बास गायब आहे आणि गायकाचा आवाज मधोमध न येता सगळीकडे पसरल्यासारखा वाटतो? एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असण्याची शक्यता फार.

यानंतर जागा. दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण सारखे असावे, ट्विटर (स्पीकरमधला बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा भाग) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. मागच्या भिंतीपासून ३० ते ६० सेंटीमीटर सोडा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर बास फुगवतोच. त्यातून ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतो, आणि पाठ भिंतीला टेकवून बसणाऱ्याला तो सर्वांत जास्त ऐकू येतो. नवा ॲम्प्लिफायर आणून हा सूर कमी होणार नाही; खुर्ची अर्धा मीटर पुढे ओढून पाहा.

एवढे करूनही समाधान नसेल तर आमचे मत सरळ आहे : आधी स्पीकर. चांगल्या ॲम्प्लिफायरची विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) ०.१ टक्क्याच्या आत असते, तर स्पीकर मोठ्या आवाजात बास वाजवताना १ टक्का सहज ओलांडतो. दोन ॲम्प्लिफायरमधला फरक कान देऊन शोधावा लागतो. दोन स्पीकरमधला शेजारच्या खोलीतूनही कळतो. मात्र जुना स्पीकर टाकण्याआधी वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेची रिंग पाहा. फोमची रिंग काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. कोन (वूफरचा हलणारा पडदा) आणि कॉइल (त्याला हलवणारे तारेचे वेटोळे) ठीक असतील तर नवी रिंग चिकटवून तोच स्पीकर पुन्हा वाजू लागतो.

ॲम्प्लिफायरचा नंबर कधी? स्पीकर ४ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) आणि ॲम्प्लिफायर ८ ओहमपासून पुढेच चालणारा असेल, तो तापून बंद पडत असेल, किंवा तुमच्या नेहमीच्या पातळीलाच आवाज फाटत असेल, तेव्हा. हा फाटलेला आवाज ट्विटर जाळतो, म्हणून छोटा ॲम्प्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत ताणणे धोक्याचे. पण केवळ वॅटच्या आकड्याला भुलू नका. ५० चे १०० वॅट झाले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. तेवढेच ३ डेसिबल ८७ ऐवजी ९० सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये किती डेसिबल आवाज निघतो त्याचा आकडा) स्पीकर घेतल्याने मिळतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी वरचा क्रम मोडावा. झिजलेली सुई शेवटच्या गाण्यांत 'स' आणि 'श' फाडते, शिवाय रेकॉर्ड कायमची खराब करते. म्हणून सगळ्यांआधी सुई. वाजलेले तास मोजत चला आणि सुईवरचा भार छोट्या वजनकाट्याने कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत ठेवा. भार फार कमी ठेवल्यानेही सुई उड्या मारून खाचा खराब करते. आवाज अगदी बारीक आणि बासहीन येत असेल तर टर्नटेबल फोनोऐवजी (टर्नटेबलसाठीच्या खास जोडणीऐवजी) ऑक्समध्ये (साध्या जोडणीत) लावलेला नाही ना, ते बघा.

डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला लागणारा सिग्नल बनवणारे यंत्र) आणि वायरी शेवटी. स्पीकरपर्यंत ५ मीटर जाणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहमच्या आसपास रोध धरते. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे नगण्य आहे, त्यामुळे महाग वायर घ्यायला आम्ही सांगत नाही.

नवीन वस्तू ऐकून निवडताना दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा. जो किंचित मोठा तोच नेहमी चांगला वाटतो. आणि आमच्याकडे येताना खोलीची लांबी-रुंदी, बसायच्या जागेपासून स्पीकरचे अंतर आणि यंत्रांच्या मागच्या बाजूंचे फोटो घेऊन या.