निमित्ताच्या जागा : खान्देशातील पार, बाजार आणि वाचनालये

घर आणि कामाचे ठिकाण यांखेरीज माणसे सहज जमतात, अशा जागांना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ म्हटले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या भरवशावर वसलेल्या अमेरिकी उपनगरांत अशा जागा उरल्याच नाहीत, ही त्यांची तक्रार होती. खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, या जागांचा इतिहास निराळा आहे. येथे केवळ गप्पांसाठी जागा क्वचितच कोणी बांधली. देव, शेतसारा, कापूस, पाणी अशा कोणत्या तरी कामाच्या आडोशाने ती तयार झाली आणि ते काम सरले की बहुधा तीही ओस पडली.

चावडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पाटील-कुलकर्णी तेथे सारावसुलीसाठी बसत, त्यामुळे पीकपाण्याची, भांडणतंट्याची आणि सरकारी हुकमांची खबर आधी तेथे पोहोचे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत ही वतने गेली, कारभार ग्रामपंचायतीकडे आला आणि चावडीवरची बैठक उठली. मारुतीचा पार मात्र टिकला, कारण देव हलला नाही. शेतातून आलेला माणूस हातपाय धुऊन पारावर टेकला की मजुरीच्या दरापासून सोयरिकीपर्यंतच्या गोष्टी अहिराणीत निघत.

पार साऱ्या गावाचा होता, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. दलितांना तेथे बरोबरीने बसता येत नसे आणि बायका तर पदर सावरून, खाली पाहत पारासमोरून जात. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. मंदिर खुले झाले, पण गावोगावच्या पारांवरची बसण्याची रीत बदलायला त्याहून फार वेळ लागला. बायकांच्या जागा वेगळ्या होत्या : नदीचा घाट, विहीर आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी निंबाला बांधलेला झोका. झोक्यावरच्या गाण्यांत सासरचे गाऱ्हाणे उघडपणे मांडता येई, जे एरवी घरात बोलण्याची सोय नव्हती. पुढे नळ दारात आले. डोक्यावरचा हंडा गेला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर रोजची भेटही गेली.

बाजाराचे निमित्त सर्वांत चिवट ठरले आहे. होळीआधी सातपुड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात पाड्यापाड्यांवरचे आदिवासी खरेदीइतकेच भेटीगाठींसाठी उतरतात. सारंगखेड्याच्या दत्त यात्रेतला घोडेबाजारही तसाच आहे : घोडा घेणारे थोडे, त्याची चाल पाहून मत देणारे पुष्कळ.

शहरी जागा रेल्वे आणि कापसाने घडवल्या. १८६० च्या दशकात लोहमार्ग आला, जळगाव कापसाची पेठ झाली आणि व्यापारी-वकिलांच्या या गावात १८७७ मध्ये सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. अमळनेरात गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था निघाली, तरी गिरणी कामगार तेथे कितपत रमला असता, हा प्रश्नच आहे. त्याचा अड्डा चहाच्या दुकानात होता, कारण तेथे बसायला एका कपाची ऐपत पुरे.

अलीकडे आमदार-खासदार निधीतून गावोगावी समाजमंदिरे आणि सभामंडप बांधले गेले. लग्नकार्य नसेल त्या दिवशी त्यांतल्या अनेकांना कुलूप असते, आणि किल्ली कोणाकडे यावरून वाद असतो. तेथे रोज जाण्याचे कामच कोणाला नाही, एवढे साधे त्याचे कारण आहे. उलट दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन माणसे येतात, फॅट किती लागली ते पाहतात आणि चिठ्ठी खिशात घातल्यावरही बराच वेळ उभी राहतात. त्यांना टेकायला तेथे एक बाकडेसुद्धा क्वचितच असते.