‘काही होणार नाही’ असे मी का सांगत नाही
चिंताविकार आणि ओसीडीवरील उपचारांसाठी येणाऱ्यांना माहिती

पहिल्या भेटीत बहुतेक जण एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारतात: ‘माझ्या हातून काही भयंकर तर घडणार नाही ना?’ कुणाला आजाराची धास्ती असते, कुणाला उघड्या राहिलेल्या कुलपाची. कुणाच्या मनात असा विचार आलेला असतो की तो आजवर कुणाजवळ बोलून दाखवलेला नसतो. या प्रश्नाला मी ‘छे, काही होणार नाही’ असे उत्तर देत नाही. ऐकायला हे कठोर वाटेल, पण सगळ्या उपचाराचा गाभा तिथेच आहे. म्हणून हे पत्रक भेटीआधी वाचावे, ही विनंती.

ओसीडीमध्ये, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डरमध्ये, नको असलेला विचार, चित्र किंवा ऊर्मी मनात पुन्हा पुन्हा घुसते आणि त्या अस्वस्थतेतून सुटण्यासाठी माणूस काहीतरी करतो. हात धुणे, कुलूप ओढून पाहणे या गोष्टी चारचौघांना दिसतात. मनातल्या मनात मोजणे, झालेला प्रसंग आठवून आठवून तपासणे, घरच्यांना तेच तेच विचारणे, इंटरनेटवर लक्षणे शोधत बसणे हे लोकांच्या लक्षात येत नाही. काम मात्र तेच करते. कृती केली की घटकाभर हायसे वाटते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो की धोका खरा होता आणि कृती केली म्हणून आपण वाचलो. पुढच्या वेळी शंका जास्त जोराने येते. मी दिलेला दिलासाही असाच घटकाभर टिकेल आणि रात्रीपर्यंत तुम्हाला तो पुन्हा हवासा वाटेल.

चिंताविकारात कृतीची जागा बऱ्याचदा टाळाटाळ घेते. एकदा लिफ्टमध्ये छाती धडधडली की जिना, बैठकीत बोलायची वेळ आली की रजा. 2013 साली डीएसएम या अमेरिकी निदान-नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीने ओसीडीला चिंताविकारांतून काढून स्वतंत्र प्रकरण दिले. माझ्या कामात मात्र दोन्हीकडची मुख्य वाट एकच राहते: ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ ठरवून, टप्प्याटप्प्याने जाणे.

या पद्धतीला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. भीतीला सामोरे जायचे आणि नंतरची सुटकेची कृती करायची नाही. 1966 मध्ये ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचारांचा अनुभव प्रसिद्ध केला. तोवर ओसीडी जवळजवळ असाध्य मानला जाई. आज या विकारावरचा सर्वांत जास्त तपासला गेलेला मानसोपचार हाच आहे.

प्रत्यक्षात आपण दोघे मिळून भीतीच्या प्रसंगांची यादी करतो आणि प्रत्येकाला भीती किती वाटते त्यानुसार 0 ते 100 गुण देतो. सुरुवात झेपेल अशा प्रसंगापासून होते. समजा, दाराच्या मुठीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. आधी तुम्ही सांगायचे की काय होईल असे वाटते. नंतर काय झाले ते आपण पाहतो. अस्वस्थता कधी पटकन उतरते, कधी बराच वेळ उतरत नाही, आणि दोन्ही चालते. ‘पूर्ण खात्री नाही, तरी मी माझे काम करू शकतो’ हे अनुभवातून कळणे जास्त मोलाचे. प्रत्येक पायरी आधी मी स्वतः करून दाखवते. जबरदस्ती कधीच होत नाही, आणि धोकादायक किंवा तुमच्या श्रद्धेचा अवमान होईल असे काही करायला मी सांगत नाही.

आपल्याच बाळाला इजा करण्याचे, लैंगिक किंवा देवाविषयी अभद्र विचार येणारी माणसे सर्वांत उशिरा मदत मागतात. त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले की कोणताही विकार नसलेल्या बहुतेक लोकांच्या मनातही असे नकोसे विचार येतात. फरक पडतो तो त्या विचाराला आपण काय अर्थ देतो यात. माझ्यासमोर तो बोलून दाखवताना तुम्हाला लाज वाटेल, पण मला धक्का बसणार नाही.

माझे शिक्षण चिकित्सा मानसशास्त्रातले. आधी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम केले, ईआरपीचे प्रशिक्षण देखरेखीखाली घेतले, आणि अवघड केसबद्दल आजही ओळख उघड न करता वरिष्ठांशी चर्चा करते. व्यसनमुक्ती किंवा लहान मुलांचे विकार हे माझे क्षेत्र नाही. त्यासाठी योग्य व्यक्तीकडे पाठवते.

सत्रे साधारण आठवड्याला एक. अनेकांना 12 ते 20 लागतात. खरी प्रगती होते ती मधल्या दिवसांतल्या घरच्या सरावामुळे. ओसीडी किती कमी झाला हे येल-ब्राउन मापनश्रेणीवर 40 पैकी गुणांत अधूनमधून मोजतो, म्हणजे नुसत्या अंदाजावर विसंबावे लागत नाही.

औषधे मी देत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम. नैराश्यावरही दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधे ओसीडीत उपयोगी पडतात, मात्र परिणाम जोखायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात आणि डोस अनेकदा नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा जास्त असतो. बरे वाटले म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका.

घरच्यांना एका सत्राला जरूर आणा. प्रेमापोटी दहादा कुलूप तपासून देणारी माणसे नकळत विकाराला साथ देत असतात, आणि अचानक ‘आता आम्ही काही करणार नाही’ म्हणणेही क्रूरपणाचे. त्याऐवजी असे म्हणता येते: ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय. उत्तर देत नाही, पण तुझ्याजवळ बसते.’ कधीपासून आणि कोणत्या प्रसंगी असे म्हणायचे, हे आपण सगळे मिळून ठरवतो.

येताना चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने अहवाल आणा. जीव द्यावासा वाटत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.