लघुसैनिक (मुंबईतील संग्रहपरंपरा)

लघुसैनिक : इतिहासातील सैनिक, सेनानी, घोडेस्वार, तोफा व तोफची यांच्या ठरावीक प्रमाणात घडवलेल्या छोट्या प्रतिमा. शिसे-कथिलाचे मिश्रधातू, प्लास्टिक आणि अलीकडे रेझिन ही त्यांची मुख्य द्रव्ये. मुंबईतील मराठीभाषक संग्राहक त्यांना ‘फिगर’ म्हणतात. जुन्या पिढीच्या तोंडी ‘शिशाचे शिपाई’ हे नाव होते. नवा सेट बाजारात आला की त्याच्या ओतकामाची, रंगाची आणि विशेषतः पोशाख व शस्त्रांच्या खरेपणाची चर्चा करणे हा या छंदाचा अविभाज्य भाग मानला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या चर्चेतील वादविषयांचा परामर्श घेतला आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक परंपरेचा आरंभ इजिप्तमध्ये मानतात. अस्यूत येथील मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेली लाकडी भालाईतांची व न्यूबियन धनुर्धरांची प्रत्येकी चाळीस जणांची पथके (इ. स. पू. सु. २०००) कैरोच्या संग्रहालयात आहेत. परंतु ती मृतासोबत पुरण्याच्या वस्तू होत. संग्रहासाठी वा खेळासाठी विकण्याच्या वस्तूंशी त्यांचा संबंध जोडणे ओढूनताणून वाटते. आधुनिक परंपरेची सुरुवात न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट घराण्याने १७७० च्या दशकात ओतलेल्या चपट्या कथिली शिपायांपासून धरणे अधिक सयुक्तिक आहे. त्याच शहरातील हाइन्रिखसन यांनी १८४८ च्या सुमारास सुमारे ३० मिमी. उंचीचा संकेत रूढ केला. भरीव, गोलाकार शिशाच्या शिपायांचे श्रेय सामान्यतः पॅरिसच्या ल्यूकोत यांना दिले जाते; त्यांचा काळ अठराव्या शतकाची अखेर धरतात. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकाम आणले. साच्यात ओतलेला धातू कडेने थिजताच मधला पातळ धातू उलटा ओतून काढण्याच्या या पद्धतीने धातू व खर्च दोन्ही वाचले आणि ५४ मिमी. ही उंची जगभर प्रमाण ठरली. ब्रिटन या देशात शिशाची खेळणी १९६६ च्या सुमारास बंद झाली. तोवर प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांनी बाजार व्यापला होता.

भारतीय पूर्वपीठिका सांगताना पारलाखेमुंडी-विशाखापट्टणम भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस ओतलेल्या पितळी शिपायांचा व हत्तीस्वारांचा दाखला देण्याची प्रथा आहे. पुण्यात एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या रंगीत मातीच्या मूर्तींचाही उल्लेख होतो. मात्र त्यांत सैनिकांपेक्षा निरनिराळ्या जातिव्यवसायांची माणसे अधिक. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील (मूळ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, सध्याच्या इमारतीत १८७२ पासून) मुंबईकरांच्या वेशभूषा दाखवणाऱ्या छोट्या मृण्मूर्ती याच जातकुळीच्या आहेत. या तिन्हींतून आजच्या संग्रहछंदाकडे थेट येणारी रेषा काढता येत नाही.

मुंबईत हा छंद विलायती मालाबरोबर आला असे मानणे योग्य. काळा घोडा येथे १८९० च्या दशकात स्थिरावलेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या पेढ्यांतून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी इंग्लंडचा माल येई. तो पुढे पारशी व अन्य श्रीमंत घरांत आणि कालांतराने चोरबाजारात पोचला. विशेष म्हणजे विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याच्या आरंभीच्या सेटांत मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या. १८९६ च्या सुमारास निघालेला फर्स्ट बॉम्बे लान्सर्सचा घोडेस्वार सेट आणि सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचा पायदळ सेट यांना मुंबईचे संग्राहक आजही मान देतात. लान्सर्सचे रिसाले १९०३ मध्ये ‘३१ वे’ झाले, १९२३ च्या पुनर्रचनेत ३२ व्याशी मिळून ‘१३ वे ड्यूक ऑफ कॉनॉट्स ओन लान्सर्स’ बनले आणि फाळणीत पाकिस्तानकडे गेले. पेटीवरील नाव कोणते आहे यावरून पेटी कोणत्या काळाची हे ठरवतात. रंग उडालेला सुटा स्वार मात्र या कसोटीत फारसा बोलत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळे हा निराळा प्रवाह होय. विटा, गोणपाट, माती आणि वर पेरलेले अळीव वा मोहरी असा किल्ला गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींच्या अंगणांत मुले बांधत आली आहेत. प्रथा शिवकालीन असल्याचे सांगतात. तिला निर्विवाद समकालीन आधार पुढे आलेला नसल्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर रुजली असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते. मूर्ती पूर्वी मातीच्या, नंतर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या. इथे प्रमाणाचा संकेतच वेगळा आहे : सिंहासनावरील महाराज सर्वांत मोठे, सरदार मध्यम, पहारेकरी लहान. चित्रपरंपरेत मानाप्रमाणे आकार देण्याची जी जुनी रीत आहे तीच ही. संग्राहकाच्या फुटपट्टीने तिला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक संग्राहकांच्या हाती पहिला शिपाई आला तो या किल्ल्यावरूनच, हेही खरे.

प्रमाणाचा वाद. ५४ मिमी. म्हणजे सुमारे १/३२, १.७३ मी. उंचीचा माणूस या प्रमाणात तेवढा भरतो. ही उंची डोळ्यांपर्यंत मोजायची की डोक्यापर्यंत, यावर कारखान्यांचे एकमत नाही. १९८३ मध्ये हाँगकाँगला सुरू झालेल्या किंग अँड कंट्री या कंपनीमुळे १/३० (बोलीभाषेत ‘६० मिमी.’) प्रमाण प्रचलित झाले. दोन्ही एका देखाव्यात ठेवले की मागचा शिपाई पुढच्याचा धाकटा भाऊ दिसतो. मराठी विषयाच्या फिगरमध्ये खरी अडचण घोड्याची आहे. दख्खनी भीमथडी तट्टू खांद्याशी साधारण १३० सेंमी.; १/३० प्रमाणात ते ४३ मिमी. भरायला हवे. बहुतेक कारखाने मात्र युरोपीय घोडदळाचा, सुमारे १५७ सेंमी. उंचीच्या घोड्याचा साचा वापरतात, म्हणजे ५२ मिमी. नऊ मिमी.च्या या फरकाने बारगीर (सरकारी घोड्यावरचा मराठी स्वार) एकदम नेपोलियनच्या जड घोडदळातला स्वार होऊन बसतो. चपळ हालचाल, हलके खोगीर व काटक जनावर ही मराठी घोडदळाची जी ख्याती, तीच साच्यात हरवते. मुंबईच्या संग्राहकांत नव्या मराठी फिगरवर पहिली टीका बहुधा याच मुद्द्यावर होते आणि ती रास्त आहे. सरदारांजवळ अरबी, इराणी घोडे होते हा बचाव सरदारांपुरताच टिकतो.

पोशाखाचा वाद. कारखान्यांना एकसारखा पोशाख हवा असतो, कारण सेट शोभून दिसतो आणि रंगकाम स्वस्त पडते. सतराव्या शतकातील मराठी सैन्यात गणवेश होता असे दाखवणारा भक्कम आधार नाही. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचे घेऊन येई. तेव्हा रंगांची सरमिसळ गृहीत धरणेच बरे. चित्रसाधनांत मनुची या व्हेनिशियन प्रवाशाने मीर मुहंमदकडून काढवून घेतलेल्या, हल्ली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या चित्रसंग्रहातील अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र महत्त्वाचे. त्यात घोड्यासोबत पायी चालणारे हत्यारबंद लोक दिसतात. पेशवाईच्या उत्तरार्धासाठी वाईजवळील मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे उपयोगी पडतात. ही साधने बाजूला ठेवून कॅलेंडरांच्या चित्रांवरून मावळा घडवला जातो आणि त्याच्या डोक्यावर कधीकधी नंतरच्या काळातील बांधीव पगडी चढते. हत्यारांतही अशीच गत. सरळ पात्याची धोप, युरोपीय पात्याची फिरंग आणि वाकडी तलवार यांत भेद न करता सर्वांना एकच वाकडे पाते देतात. घाट ताडून पाहण्यासाठी संग्राहक छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालनाचा आधार घेतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न पालटतो. महादजी शिंदे यांनी १७८४ च्या सुमारास द ब्वान्य (मराठी कागदपत्रांत डिबॉइन) या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतले आणि कवायती कंपू (युरोपीय शिस्तीच्या फौजा) उभे राहिले. त्यांत तिलंगे म्हणजे युरोपीय धर्तीची, चापाच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकांची पायदळ पलटण आणि नजीब म्हणजे तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूक, ढाल-तलवार बाळगणारे देशी पोशाखातील शिपाई, असे दोन प्रकार होते. तिलंग्यांचे डगले लाल असल्याचे बहुतेक वर्णनांत येते व ते मान्य करण्यास हरकत नाही. मात्र द ब्वान्यच्या काळातील वर्णन इंग्रजांविरुद्धच्या असईच्या रणांगणावर (२३ सप्टेंबर १८०३) जसेच्या तसे चिकटवणे धोक्याचे. मधल्या काळात सेनापती बदलले, पगार थकले. असईच्या सेटांत ब्रिटिश बाजूचे हायलँडर (स्कॉटिश पायदळ) व ड्रॅगून (घोडेस्वार) मुबलक मिळतात. शिंद्यांचे गोलंदाज, ज्यांच्या तोफांनी त्या दिवशी इंग्रजांची सर्वाधिक हानी केली, ते क्वचितच. गाडद्यांच्या फिगरबाबत, म्हणजे पानिपतच्या (१७६१) इब्राहिमखानाच्या लोकांबाबत, कल्पनेला याहून अधिक वाव घेतला जातो.

जतन. पावसाळ्यातील दमट हवा आणि बंद कपाट हा शिशाचा शत्रू. प्लायवूड, त्यातील चिकटद्रव्ये व काही लाकडे यांतून निघणाऱ्या ॲसिटिक व फॉर्मिक आम्लांच्या वाफा शिशावर चढून पांढरट-करडी भुकटी (लेड कार्बोनेट) बनते. आतून पोकळ शिपाई मग पायाच्या घोट्याशी तुटतो. काच व धातूचे कपाट आणि सिलिका जेलच्या पुड्या हा रूढ उपाय. सुताराकडून नवे कपाट करवून घेतल्यास काही महिने रिकामे, उघडे ठेवण्याचा सल्ला जुने संग्राहक देतात. १३ अंश सेल्सिअसखाली कथिलाला जडणारा ‘रोग’ (धातूची भुकटी होणे) युरोपीय लेखनात सविस्तर येतो. मुंबईच्या हवेत त्याची धास्ती नको.

आयात. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. रंगवलेली धातूची फिगर खेळणे की शोभेची वस्तू, हा प्रश्न त्यामुळे रुपयांचा झाला. पेटीवर ‘१४ वर्षांवरील’ असे छापलेले असले तरी वाद मिटत नाही. परिणामी सुटे सेट परदेशातील नातलगांच्या सामानातून येतात. जुन्या, उत्पादन थांबलेल्या सेटांची आपापसांत अदलाबदल होते आणि हौशी लोक त्रिमितीय मुद्रण यंत्रावर स्वतःच रेझिनच्या फिगर काढू लागले आहेत. या घरगुती फिगरमध्ये तट्टाची उंची मात्र आवर्जून बरोबर घेतलेली असते.