स्वीडनच्या लुंडला इंटरनॅशनल स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकायला जायचंय? कोल्हापुरातून फॉर्म कसा भरायचा, कोण बसतं आणि कागद कुठले लागतात

बी.कॉम. किंवा बीबीए झालेली कोल्हापूर-इचलकरंजी-गडहिंग्लजकडची बरीच पोरं-पोरी परदेशात मास्टर्सचं बघत असतात. त्यात पहिला प्रश्न नेहमी "कन्सल्टन्सी कुठली चांगली" हाच असतो आणि मला तो प्रश्नच चुकीच्या टोकाला वाटतो. स्वीडनच्या फॉर्मला मधला माणूस लागत नाही, सगळं एकाच सरकारी वेबसाइटवर होतं. खरी अडचण आहे ती आपल्याच मार्कशीटमधून आपण पात्र आहोत हे दाखवायची, आणि ते काम दुसरा कुणी तुमच्याइतकं नीट करणार नाही.

आधी कोर्सबद्दल. लुंड विद्यापीठ १६६६ सालचं, स्वीडनच्या दक्षिण टोकाला, कोपनहेगन विमानतळावरून रेल्वेने तासाच्या आत पोचता येतं. तिथल्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंटमध्ये हा एक वर्षाचा, ६० क्रेडिटचा, पूर्ण इंग्रजीतला मास्टर्स आहे. कंपनीने परदेशी बाजारात कसं शिरायचं, स्वतःचा कारखाना टाकायचा की तिथला भागीदार घ्यायचा की नुसता माल पाठवायचा, स्पर्धा कशी ओळखायची, असा सगळा अभ्यास. आपल्याकडच्या माणसाला हे लांबचं वाटायचं कारण नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधलं कास्टिंग परदेशात जातं, कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (माल कुठल्या भागातला हे ठरवणारं भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि तरी २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, बोंब झाल्यावर मग मान्य केलं. नाव आपलं, कारागीर आपले, मग किंमत दुसऱ्याच्या हातात कशी जाते, हा या विषयातलाच प्रश्न आहे. कुठे मोटिव्हेशन लेटर (हा कोर्स का करायचाय हे सांगणारं पत्र) मागितलं तर असं आपल्या गावचं उदाहरण लिहा, "लहानपणापासून मला बिझनेसची आवड" वगैरे लिहू नका.

आता पात्रता, इथे जरा सावकाश वाचा. बॅचलर डिग्री पाहिजे आणि त्यात बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचे किमान ६० क्रेडिट पाहिजेत. हे क्रेडिट युरोपच्या हिशोबातले, म्हणजे पूर्णवेळ एक वर्षाचा अभ्यास म्हणजे ६०, आणि आपली तीन वर्षांची डिग्री ढोबळमानाने १८०. म्हणजे तुमच्या डिग्रीचा साधारण एक तृतीयांश भाग मॅनेजमेंट, मार्केटिंग, अकाउंटन्सी, कॉस्टिंग, फायनान्स, एचआर, ऑर्गनायझेशन असल्या पेपरांचा हवा. बीबीएवाल्यांचं बहुतेक सहज बसतं. बी.कॉम.वाल्यांनी मात्र सहाही सेमिस्टरची मार्कशीट पुढे घेऊन एकेक पेपर मोजावा, कारण इकॉनॉमिक्स, कायदा, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी, पर्यावरण हे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये धरून चालायचं नाही, आणि अकाउंटन्सी स्पेशल घेतलेल्याचं बसतं तर दुसरं काही घेतलेल्याचं अगदी काठावर येतं. बी.ई. किंवा बी.एस्सी. झालेल्याने डिग्रीत मॅनेजमेंटचे एक-दोनच पेपर केले असतील तर इथे पैसे घालवू नयेत, भलेही कुणी "होऊन जाईल" म्हणो. पेपरच्या नावावरून विषय कळत नसेल तर शिवाजी विद्यापीठाचा त्या वर्षीचा सिलॅबस काढून ठेवा, तुमच्या बॅचचाच, कारण सिलॅबस बदलत राहतो.

इंग्रजीसाठी सरळ रस्ता आयईएलटीएस ॲकॅडमिक, एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ५.५ च्या खाली नको. स्कोअर दोन वर्षं चालतो. जीमॅट (मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठीची परीक्षा) सक्तीचा नाही, चांगला असेल तर निवडीत उपयोग होतो, पण त्यासाठी फॉर्म पुढच्या वर्षावर ढकलू नका.

फॉर्म युनिव्हर्सिटी ॲडमिशन्स नावाच्या स्वीडिश वेबसाइटवर भरायचा, देशातल्या सगळ्या विद्यापीठांचा एकच. साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्याला बंद, फी आणि कागदांसाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत वेळ, निकाल मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला, आणि वर्ग ऑगस्टच्या शेवटी. तारखा दरवर्षी चार दिवस इकडेतिकडे होतात म्हणून वेबसाइटवर बघूनच घ्या. अर्जाची फी ९०० स्वीडिश क्रोना, तेवढ्यात चार मास्टर्स प्रोग्राम निवडता येतात आणि ते पसंतीच्या क्रमाने लावायचे. हा क्रम फार महत्त्वाचा, कारण वरच्या पसंतीला जागा मिळाली की खालच्या आपोआप रद्द होतात, आणि डेडलाईननंतर क्रम बदलता येत नाही. लुंडची स्वतःची ग्लोबल स्कॉलरशिप आहे, फीच्या पाव भागापासून पूर्ण फीपर्यंत माफी मिळू शकते, ती पाहिजे असेल तर लुंड पहिल्या नंबरला ठेवा आणि तिचा वेगळा अर्ज फेब्रुवारीत भरा. ॲडमिशनचा फॉर्म भरला म्हणजे स्कॉलरशिपचा भरला असं नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट किंवा ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या पेपरांच्या मार्कांचा एकत्र उतारा), डिग्री सर्टिफिकेट (पदवीदान व्हायचं असेल तर प्रोव्हिजनल) आणि आयईएलटीएस. स्कॅन मूळ कागदाचे आणि रंगीत करायचे, ट्रू कॉपीचा शिक्का मारलेल्या झेरॉक्सचे नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, मग विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून शेवटच्या वर्षाला असल्याचं आणि डिग्री कधी पूर्ण होणार याचं पत्र लागतं. विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात चकरा मारायच्या असतात म्हणून ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज दिवाळीच्या आधीच टाका, डिसेंबरात सगळेच धावतात.

नावाचा घोळ सगळ्यांनी तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं असतं, पासपोर्टवर दुसऱ्या क्रमाने असतं, कुणाचं मधलं नाव गायब, कुणाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. क्रम वेगळा असणं चालून जातं, स्पेलिंग वेगळं असेल तर फॉर्म सुरू व्हायच्या आत दुरुस्त करा. पासपोर्ट नसेल तर तो सगळ्यात आधी, साधी फी १५०० रुपये.

पैशाचं आता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, मास्टर्ससाठी वय ३५ पर्यंत, आणि विद्यापीठ क्यूएस रँकिंगच्या (जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी) २०० च्या आत लागतं, लुंड त्यात बसतं. अट अशी की ऑफर विनाअट पाहिजे, म्हणून डिग्री हातात असलेल्याचं काम सोपं होतं. ज्या महाराजांनी १९०२ साली इंग्लंडला असताना कोल्हापूर संस्थानात ५० टक्के आरक्षणाचा हुकूम काढला त्यांच्या नावाची ही योजना, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पात्र पोराने निदान अर्ज तरी करावा असं मला मनापासून वाटतं. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांनी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची परदेश शिष्यवृत्ती बघावी. दोन्हीकडे जात, उत्पन्न, डोमिसाईलचे दाखले लागतात, आणि जाहिरात निघाल्यावर दाखले काढायला गेलात तर सेतूत लाईन असते. निकषही बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचा.

एज्युकेशन लोन घेणार असाल तर एक गोष्ट घरी आधी बोलून घ्या. सरकारी बँकेत साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात आणि ऊसाची शेतजमीन कितीही चांगली असली तरी ती सहसा धरत नाहीत, घर किंवा बिनशेती प्लॉट लागतो. सातबारा घेऊन बँकेत गेलेले वडील हात हलवत परत येतात तेव्हा मार्च संपलेला असतो.

ॲडमिशन मिळाल्यावर फीचा पहिला हप्ता भरायचा, मगच राहण्याच्या परवान्याचा अर्ज स्वीडिश मायग्रेशन एजन्सीकडे ऑनलाईन करायचा. तिथे राहण्याच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, दरमहाची रक्कम एजन्सी ठरवते आणि ती वाढत असते. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात पाहिजेत, वडिलांच्या एफडीवर काम होत नाही. हप्ता भरल्याच्या दिवशीच अर्ज टाका, उन्हाळ्यात गर्दी वाढते आणि निर्णयाला आठवडे लागतात. कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला तिथेच राहण्यासाठी वेगळा परवाना मागता येतो, पण त्याचा अर्ज आधीचा परवाना संपायच्या आत करावा लागतो, म्हणून ती तारीख लुंडला पोचल्या पोचल्या फोनमध्ये टाकून ठेवा.